छपराखालची बाई

"आई, आज कांजी पक्की करायची आहे, मला जेवायला हाक मारू नकोस," असं लेक आतल्या खोलीतून म्हणाली आणि आमच्या सासूबाई बसल्या जागच्या उठल्या. "कोणत्या साडीला घालायलीस गं? भाताची पेज तर मी सकाळीच गाईला घातली की!"

मैत्रिणींनो, आमच्या गंगाखेडच्या घरात जपानी अक्षरं शिरली ती अशी हसत हसत. सुती साडीला घालायच्या खळीलाही कांजीच म्हणतात, त्यामुळे सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. पण लेकीच्या वहीतली कांजी वेगळी. जपानी लोक आपली भाषा लिहिताना चीनमधून आलेली जी चित्रासारखी अक्षरं वापरतात, ती कांजी. 'कान' म्हणजे चीनचं हान घराणं आणि 'जी' म्हणजे अक्षर. हानांची अक्षरं. भाषा जपानी, अक्षरं चिनी, असा तो संसार दीड हजार वर्षांपासून चालू आहे.

आता म्हणाल, गंगाखेडच्या पोरीला हे कुठून सुचलं? सांगते. माझी लेक जीएनएम नर्सिंगचा कोर्स करून परभणीला एका दवाखान्यात कामाला आहे. रोज रेल्वेने जाऊन येऊन करते. पगार किती ते इथे लिहीत नाही, नर्सिंग केलेल्या मुलींच्या आयांना तो माहीत आहे. जपानमध्ये आज दर दहा माणसांत जवळजवळ तीन माणसं पासष्टीच्या पुढची आहेत आणि त्यांचं करायला हात कमी पडतात. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान सरकारांत एक करार झाला. त्यात ठरावीक कौशल्याच्या कामांसाठी आपल्या मुलामुलींना तिकडे जाता येतं, आणि म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा हे त्यातलं एक काम. मात्र भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. त्या परीक्षेच्या पाच पायऱ्या. एन-फाइव्ह सगळ्यात खालची, एन-वन सगळ्यात वरची. आमच्या पोरीला चौथी, म्हणजे एन-फोर हवी. पुण्याच्या एक शिक्षिका रात्री आठ ते नऊ मोबाइलवर शिकवतात. आमच्याकडे लाइट नेमकी त्याच वेळी जाते, पण ते असो.

पहिल्या आठवड्यात ती हसतखेळत होती. जपानीत दोन सोप्या लिप्या आहेत, हिरागाना आणि काताकाना. दोन्हींत मूळ अक्षरं ४६ आणि ती आपल्यासारखीच उच्चाराची. त्यांचा क्रम ऐकून तर मी चाटच पडले. आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. म्हणजे आधी स्वर, मग कंठातून ओठांकडे येत जाणारी व्यंजनं आणि शेवटी य, र, व. अहो, हा तर आपल्या बाराखडीचाच सांगाडा! बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्र शिकायला सिद्धम् नावाची आपल्याकडची जुनी लिपी शिकत, त्या अभ्यासातून हा क्रम तिकडे रुजला.

मग कांजी आली आणि हसू मावळलं. जपान सरकारने नेहमीच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजींची यादी २०१० पासून २,१३६ ची आहे. त्यांची लेकरं नुसत्या प्राथमिक शाळेत १,०२६ शिकतात. आपण बाराखडी येऊन मोकळ्या होतो आणि तिथलं पोरगं सहावी संपेपर्यंत हजारावर अक्षरं गिरवतं. प्रत्येकाची रेघ कोणती आधी, कोणती नंतर, तेही ठरलेलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे.

मी दुपारी बचत गटाचं काम बघते आणि संध्याकाळी 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात आमच्या भागातल्या बायकांना शिकवते. पन्नाशी-साठीच्या बायका, आयुष्यभर अंगठा उठवलेल्या. त्यामुळे अक्षर न येणं काय असतं, ते मी रोज बघते. ४६ हे अक्षर आणि २,१३६ ते अक्षर, असा विचार करून माझ्याच पोटात गोळा आला. पण सासूबाईंना आला नाही. त्या शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांनी वही समोर ओढली आणि विचारलं, "हे झाड काढलंय का?"

झाडच होतं ते! एक उभी रेघ, तिच्यावर एक आडवी, आणि गाठीतून दोन्ही अंगांना उतरलेल्या दोन तिरक्या रेघा. 'कि', म्हणजे झाड. शेजारी तशीच दोन झाडं काढली की 'हायाशी', राई. दोन खाली आणि एक वर, अशी तीन काढली की 'मोरि', म्हणजे रान. सासूबाई म्हणाल्या, "मग यात अवघड काय आहे? बाटलीवरचं चित्र बघून मी फवारणीचं औषध ओळखतेच की. बसची पाटी मला वाचता येत नाही, पण परळीच्या पाटीचं रूप पाठ हाय मला."

मला वाटतं कांजी समजायची तर सासूबाईंच्या वाटेनेच जावं. आपणही एका बाबतीत कांजीच वापरतो, आकड्यांत. घड्याळावर सातचा आकडा बघून आपण सात म्हणतो, नांदेडच्या पलीकडे तेलंगणात 'एडु' म्हणतील, पण सगळ्यांना वेळ तीच कळते. शिवाय आपल्यातही तोच आकडा पंचांगात आला की सप्तमी आणि पाढ्यात आला की साती. खूण एक, अर्थ एक, वाचायच्या तऱ्हा वेगळ्या. कांजीचं नेमकं हेच दुखणं आहे आणि हीच गंमतही.

हाताचं उदाहरण घ्या. आपण हात म्हणतो, पण सही करताना तो हस्ताक्षर होतो. 'हाताक्षर' कोणी म्हणत नाही. घरातला शब्द हात आणि संस्कृतातून आलेला शब्द हस्त. जपान्यांनी दोन्हींसाठी अक्षर एकच ठेवलं. एकटं आलं की ते वाचायचं 'ते', हा त्यांचा घरचा शब्द. दुसऱ्या कांजीशी जोड झाली की बहुतेकदा 'शु', हा चीनकडून आलेला उच्चार. हात आणि कौशल्य ही दोन अक्षरं जोडली की 'शुजुत्सु', म्हणजे शस्त्रक्रिया. डोंगर एकटा असला की 'यामा' आणि फुजी पर्वताच्या नावात 'सान'. मी इतके दिवस फुजीसान म्हणजे आपण गोदामाय म्हणतो तसं 'फुजीजी' समजत होते. तसं काही नाही, तो सान म्हणजे नुसता डोंगर.

मग एवढी सोपी हिरागाना असताना हे ओझं वाहायचं कशाला? मीही लेकीला हेच विचारलं. तिने तीन शब्द म्हणून दाखवले. देव, कामि. कागद, कामि. केस, कामि. उच्चारात जवळजवळ काही फरक नाही. कांजीत तिन्ही वेगळे, बघता क्षणी कळतात. आपल्याकडेही पाट बसायचाही असतो, शेतातल्या पाण्याचाही आणि विधवेने लावायचाही, पण असे शब्द आपल्याकडे थोडे आणि त्यांच्याकडे ढिगाने. शिवाय ते शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. सगळी ओळ सलग. त्यात शब्दाचं मूळ तेवढं कांजीत लिहितात आणि प्रत्यय हिरागानात. 'रामाने पाणी प्यायले' लिहायचं तर राम, पाणी आणि पिणे यांना कांजी, आणि 'ने', 'यायले' हिरागानात. डोळा कांजीवरून कांजीवर उड्या मारत जातो. नाला ओलांडताना दगडावरून दगडावर जावं तसा.

इथवर मला कौतुक वाटत होतं. मग बाईची कांजी आली.

'ओन्ना', म्हणजे बाई. अगदी जुन्या चिनी खुणांत ते हात पुढे धरून गुडघ्यांवर बसलेल्या बाईचं चित्र आहे. आजही त्या अक्षरात ती वाकलेलीच दिसते. आणि पुरुष? वर शेत, खाली बळ. शेतात बळ लावतो तो पुरुष! हे मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं तर एक मावशी फाडकन म्हणाल्या, "कापूस वेचायला यावं म्हणा त्या अक्षर काढणाऱ्यानं." खुरपणी, निंदणी, वेचणी, सोयाबीन कापणी, सगळीकडे वाकलेली बाई, आणि अक्षरात शेत मात्र त्याचं. सातबाऱ्यावर नाव त्याचं, तसंच.

त्या दिवशी आमची बैठक हप्त्यांवरून उठली आणि कांजीवर बसली. बाई आणि शेजारी मूल म्हणजे आवड, चांगलं. बाई आणि घर म्हणजे सून. बाई आणि केरसुणी म्हणजे विवाहित स्त्री. गृहिणीला ते 'शुफु' म्हणतात, त्यातला 'फु' हीच केरसुणीवाली. बाई आणि जुनं म्हणजे सासू! यावर जो हशा झाला तो शेजारच्या गल्लीत गेला असेल. लेकीच्या शिक्षिका नंतर म्हणाल्या की सगळ्याच कांजी चित्रं नसतात. बहुतेकींत एक भाग अर्थाची चाहूल देतो आणि दुसरा नुसता उच्चारासाठी आलेला असतो, त्या सासूमधलं 'जुनं' उच्चारासाठी आहे. खरं असेल. पण आमच्या बायकांना ते पटवायला मी काही गेले नाही.

तीन झाडांचं रान होतं, तशा तीन बाया एकत्र काढल्या तर काय होत असेल? 'काशिमाशी', म्हणजे गोंगाट. इथवरही हसून सोडता आलं असतं. पण ह्याच तीन बायकांच्या अक्षराचा दुसरा अर्थ वाईट चाल, व्यभिचार असा आहे, आणि जपानच्या फौजदारी कायद्यात बलात्काराच्या गुन्ह्याच्या नावात हेच अक्षर होतं. गुन्हा करणारा पुरुष आणि अक्षरात तीन बाया! २०१७ साली कायदा बदलला तेव्हा गुन्ह्याचं ते नाव गेलं.

नवऱ्याला तिकडे 'शुजिन' म्हणतात, अक्षरांत धनी आणि माणूस. स्वतःच्या बायकोला 'कानाइ', अक्षरांत घर आणि आत. दुसऱ्याच्या बायकोला 'ओकुसान', म्हणजे घराच्या अगदी आतल्या भागातली. आपल्याला हसायला जागा नाही. आपल्याकडेही घरधनी आहे, मालक आहे, आणि बायकोची चौकशी 'मंडळी कुठं आहेत' अशी होते.

पण माझ्या मनात घर करून बसली ती छपराखालची बाई. वर छप्पर, खाली ओन्ना. उच्चार 'आन', अर्थ शांती, सुरक्षितपणा. बाई घरात बसली की सगळं शांत, असा त्या अक्षराचा सरळ हिशेब. आणि जपानीत हेच अक्षर 'यासुइ' असंही वाचतात. यासुइ म्हणजे स्वस्त! लेक म्हणाली, "आई, तिथल्या बाजारात स्वस्त मालाच्या पाटीवर हेच अक्षर असतं." सासूबाईंनी त्या अक्षराकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "छप्पर दिलं, पण दार कुठं ठिवलंय गं याला?"

दार होतं. ते बायकांनीच पाडून घेतलं. ती गोष्ट मला सगळ्यात आवडते.

कांजी जपानमध्ये पोचली तेव्हा ती राज्यकारभाराची, धर्माची, विद्वत्तेची लिपी होती, म्हणजे पुरुषांची. चांगल्या घरच्या मुलींनीही त्यात फार डोकं घालू नये अशी रीत. त्याच काळात कांजी भरभर लिहिता लिहिता तिची वळणं गोल झाली. आपल्याकडे मोडी कशी हात न उचलता वाहत जाते, तशी. आणि त्यातून हिरागाना निघाली. तिला नाव पडलं 'ओन्नादे', बाईचा हात. पुरुषही पत्रं आणि कविता त्याच लिपीत लिहीत, पण मान मोठ्या लिपीला. कि नो त्सुरायुकी नावाचा एक मोठा कवी, त्याने ९३५ च्या सुमारास आपल्या प्रवासाची दैनंदिनी या लिपीत लिहिली, ती आपण बाई असल्याचं सोंग घेऊन!

आणि मग त्या बाईच्या हाताने एका बाईने पुस्तक लिहिलं. मुरासाकी शिकिबू हे तिचं दरबारातलं नाव, खरं नाव कोणाला ठाऊक नाही. तिची 'गेंजीची कथा' साधारण १००८ च्या सुमाराची, ५४ प्रकरणांची. जगातली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. तिच्या दैनंदिनीत एक प्रसंग आहे. वडील भावाला चिनी ग्रंथ शिकवत असत आणि ही जवळ बसून ऐके. भाऊ अडखळे तिथे हिला आधीच आलेलं असे. वडील हळहळले, की ही मुलगा झाली असती तर! पुढे दरबारात, चिनी येतं म्हणून बायका हिला टोमणे मारायच्या. तेव्हा तिने काय केलं, तर एकाचा आकडा, म्हणजे नुसती एक आडवी रेघ, तीसुद्धा येत नसल्यासारखी वागायला लागली. आणि महाराणीला मात्र चिनी कविता शिकवायची, आसपास कोणी नसताना, गुपचूप.

हे वाचताना मला आमच्या घराचा माजघराचा उंबरा आठवला. दादाला गणित शिकवायला गुरुजी घरी येत आणि मी उंबऱ्यावर शेंगा फोडत बसे. त्याचं उत्तर चुकलं की मला आतून कळायचं. पण बारावीनंतर तो औरंगाबादला गेला (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि मी गावातल्या कॉलेजात बीए केलं, कारण ते गावात होतं. तक्रार नाही म्हणता म्हणता लिहून गेले.

आणि गंगाखेडला बसून मी जनाबाईचं नाव कसं विसरू? ती इथलीच. पंढरपूरला नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी, तीनशेहून जास्त अभंग तिच्या नावावर. परंपरा सांगते की तिचे अभंग लिहून घ्यायला खुद्द विठ्ठल बसत असे. लहानपणी मला यात देवाचं मोठेपण दिसायचं. आता बायकांच्या हातात पेन्सिल देताना वाटतं, जनीच्या हातात बोरू कोण देणार होतं? मग देवालाच बसवावं लागलं लिहायला.

मे महिन्यात घरात वादळ झालं, तेही सांगते. लेक पहिली पायरी पास झाली होती. एन-फोरला मात्र १८० पैकी ८४ पडले, पास व्हायला ९० लागतात. सहा गुण! तेव्हापासून तिचं मन उडालं होतं. त्यातच ओळखीतून एक एजंट घरी आला. दोन लाख सांगितले. म्हणाला, "भाषेचं टेन्शन घेऊ नका वहिनी, कागद सगळे आम्ही करतो, पोरीनं फक्त सही करायची." लेकीचे डोळे चमकले. आणि माझ्या अंगावर काटा आला.

मैत्रिणींनो, ते वाक्य आमच्या घराण्यात आधी एकदा ऐकलेलं आहे. निजामाच्या काळातली गोष्ट. सरकारी कामकाज उर्दूत, सावकाराच्या वह्या मोडीत. माझी आजी, आईची आई, तेव्हा तरुण होती. आजोबा आजारी. नदीकडच्या तीन एकरांवर थोडं कर्ज काढायचं होतं. कागद उर्दूत होता. आजीने विचारलं यात काय लिहिलंय, तर वाचून दाखवलं ते ज्याला जमीन हवी होती त्यानेच. तिने अंगठा उठवला. तो कागद गहाणखत नव्हता, खरेदीखत होतं. आजी मरेपर्यंत म्हणायची, "अक्षर माझ्या डोळ्यापुढं होतं गं, नांगरल्यावाणी काळं काळं. पण मला काय सांगणार ते?"

मी एजंटला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. सह्या करायच्या तर लेकीला वाचता येईल त्या दिवशी करेल. लेक माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नातेवाइकांचं निराळंच. एकजण म्हणाले, परक्याच्या म्हाताऱ्यांचं धुवायला पोरगी कशाला पाठवता, लग्न करून टाका. मी म्हटलं, लग्न झाल्यावर म्हाताऱ्यांचं करावं लागतंच की, तेही पगाराशिवाय. सासूबाई समोरच होत्या. त्या हसल्या, देवाची कृपा.

कांजीपुढे हार खाणारी माझी पोर एकटी नाही, हे मला पुढे कळलं. २००८ पासून इंडोनेशिया आणि नंतर फिलिपिन्सच्या नर्स सरकारी करारानुसार जपानला गेल्या. आपापल्या देशात शिकलेल्या, अनुभवी बाया. २०१० साली त्यांतल्या २५४ जणी-जण तिथल्या राष्ट्रीय परीक्षेला बसले आणि पास झाले तीन! काम येत नव्हतं असं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला होणाऱ्या जखमेला जपानीत 'जोकुसो' म्हणतात आणि त्याच्या कांजी तिथल्या शिकलेल्या माणसालाही सहज लिहिता येत नाहीत. जखम ओळखता येते, धुता येते, पण प्रश्नपत्रिकेत तिचं नाव वाचता येत नाही. पुढे ओरड झाली आणि त्या उमेदवारांच्या प्रश्नपत्रिकेत कांजीजवळ बारीक हिरागानात उच्चार छापायला सुरुवात झाली. त्याला 'फुरिगाना' म्हणतात. आपण पोथीतल्या अवघड शब्दावर पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवतो ना, तसं.

अबोला सुटला तो एका अक्षराने. नर्सिंगला जपानीत 'कान्गो'. त्यातल्या 'कान' मध्ये वर हात आहे आणि खाली डोळा. डोळ्यावर हात धरून बघणं. दुपारच्या उन्हात धुऱ्यावर उभी राहून बाई लांबून येणारी वाट कशी बघते, अगदी तसं. म्हणजे लक्ष ठेवणं, काळजी घेणं. हे लेकीने आपणहून मला दाखवलं, आणि पुढे सांगितलं की पूर्वी नर्सला 'कान्गोफु' म्हणायचे, शेवटी तीच केरसुणीवाली 'फु'. २००२ पासून कायद्यात 'कान्गोशि' झालं. शि म्हणजे त्या विद्येतली जाणकार व्यक्ती, बाई असो की पुरुष.

"केरसुणी काढली म्हण," मी म्हटलं. ती हसली.

आता ती पुन्हा भिडली आहे. ही परीक्षा खुणा करायची असते, हाताने कांजी लिहावी लागत नाही, त्यामुळे बरीच मुलं नुसती बघून पाठ करतात. सासूबाईंना ते मान्य नाही. "गिरवल्याबिगर अक्षर बसतं का?" म्हणून त्यांनी माळ्यावरची जुनी दगडी पाटी काढून दिली. रोज रात्री पोरगी पाटीवर काढते, सासूबाई शेजारी बसून 'अ' ते 'अः' गिरवतात आणि मी भाकरी थापता थापता दोघींच्या चुका काढते.

परवा लेकीने पाटीवर एका शेजारी एक दोन अक्षरं काढली. डावीकडे ती छपराखालची बाई. उजवीकडे हिरागानातला पहिला स्वर, 'आ'. म्हणाली, हे त्यातूनच निघालंय. मला आधी खरं वाटेना. मग तिने तीच बाई चारपाच वेळा भरभर लिहून दाखवली. दर वेळी रेघा सैल होत गेल्या, गुडघे मोडून बसलेलं ते अंग गोल गिरकी घेत गेलं, आणि शेवटी राहिला 'आ'. मुरासाकीच्या लिपीचा पहिला स्वर.

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला. "आणि छप्पर कुठं गेलं?"

"ही वरची आडवी रेघ आहे ना आजी, तेवढंच उरलंय."

"म्हणजे छप्पर गेलं, वासा राहिला," सासूबाई म्हणाल्या आणि शेजारी आपला 'अ' काढायला लागल्या.

परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, पुण्याला. गाडीची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत, एक माझं. अजून बेचाळीस अक्षरं कच्ची आहेत असं लेक म्हणते. त्यांत करारपत्राच्या शब्दातलीही दोन आहेत, 'केइ' आणि 'याकु'. एवढ्या खालच्या पायरीवर ती विचारत नाहीत. पण ती दोन तिने माझ्यासमोर पाटीवर पक्की करून दाखवायची, असं आमचं ठरलं आहे.